ड्रूल्सच्या एक्सेल टेबलमधे टाइपचा एरर, आणि एरर घालवला तर नियमच लागत नाहीत

नवखा_बार्शीकर

नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ, पसारा झाला तर सांभाळून घ्या. मोबाइलवरून लिहितोय म्हणून कोडचे तुकडेपण देवनागरीतच टाकतोय.

आम्ही पतसंस्था आणि विकास सोसायट्यांसाठी कर्जमंजुरीचं सॉफ्टवेअर करतो. नियम सगळे ड्रूल्समधे (जावातलं नियम चालवायचं इंजिन) आणि ते येतात एक्सेलच्या डिसिजन टेबलमधून, एक ओळ म्हणजे एक नियम, म्हणजे क्लायंटकडचे कर्ज विभागाचे साहेब स्वतः एक्सेल भरतात, मेल करतात, आम्ही ती फाइल प्रोजेक्टमधे टाकून बिल्ड मारतो. तीन वर्षं असंच चाललंय, माझ्या आधीच्या माणसाने लावून दिलं आणि तो बंगलोरला गेला.

गेल्या महिन्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. एक तर ड्रूल्स ७ वरून ८ वर गेलो. आणि साहेबांनी एक नवीन शीट जोडलं, रस्त्याच्या भूसंपादनात गेलेले गट, या गटांवर तारण कर्ज द्यायचं नाही. ६३ ओळी आहेत, कॉलम तीनच: तालुका, गाव, गट नंबर. कंडिशन अशी लिहिलीय:

तालुका == "$पॅराम" | गाव == "$पॅराम" | गटनं == $पॅराम

आता बिल्ड मारला की चाळीसेक एरर. बहुतेक सगळे असे, "कम्पॅरिझन ऑपरेशन रिक्वायर्स कम्पॅटिबल टाइप्स, फाउंड क्लास स्ट्रिंग अँड क्लास इंटिजर", म्हणजे तुलनेत एकीकडे मजकूर आणि दुसरीकडे पूर्णांक आकडा, आणि काही ठिकाणी नुसताच सिंटॅक्स एरर. ओळ नंबर देतोय ८४७, ८६१ वगैरे, पण एक्सेलमधे तेवढ्या ओळीच नाहीत!!

काय काय करून बघितलं: सेल फॉरमॅट जनरल, नंबर, टेक्स्ट तिन्ही करून झालं. क्लासमधे गट नंबर स्ट्रिंगचा इंटिजर केला, मग लक्षात आलं की ४५/२ किंवा १४२/२/अ असले गट इंटिजरमधे बसणार कसे, परत स्ट्रिंग केला. ७ वर परत जायचा विचार आहे पण लीड म्हणतो जायचं नाही. दोन दिवस गेलेत यात, कोणी बघितलंय का असं?

---

कोडगा

जनरेट झालेलं डीआरएल छापून बघितलंस का? नसशील तर आधी ते कर, बाकी सगळं नंतर.

ड्रूल्स तुझं एक्सेल थेट चालवत नाही. आधी त्या शीटचं डीआरएल नावाच्या मजकुरात रूपांतर होतं आणि मग तो मजकूर कंपाइल होतो. तुझी ८४७ नंबरची ओळ त्या मजकुरातली आहे, एक्सेलमधे शोधून जन्मात सापडणार नाही. स्प्रेडशीटकंपायलर नावाचा क्लास आहे, त्याच्या कंपाइल मेथडला फाइल दे, स्ट्रिंग परत येते, ती फाइलमधे लिही आणि नोटपॅडमधे उघड. प्रत्येक नियमाच्या वर एक कॉमेंट असते, "रूल व्हॅल्यूज अ‍ॅट बी११, हेडर अ‍ॅट बी६" अशी, तो बी११ म्हणजे तुझा एक्सेलचा सेल. नियमाच्या नावातसुद्धा शेवटी एक्सेलच्या ओळीचा नंबरच असतो. हे एवढं माहीत नसल्यामुळे लोक आठवडा आठवडा घालवतात, मी स्वतः घालवलाय.

आता तुझा एरर. तिसऱ्या कॉलमला अवतरणचिन्हं नाहीत. पॅराम म्हणजे काही जादू नाही रे, सेलमधलं जे आहे ते उचलून त्या जागी चिकटवायचं, बस. म्हणजे तुझा नियम असा तयार होतो: गटनं == ४५/२. हे बघून कंपायलरला काय वाटणार? भागाकार! ४५ भागिले २. डावीकडे स्ट्रिंग, उजवीकडे नंबर, म्हणून कम्पॅटिबल टाइप्सची ओरड. आणि १४२/२/अ मधे तो "अ" नावाचं व्हेरिएबल शोधत बसतो, ते कुठंच नाही, म्हणून तिथं वेगळा एरर.

७ वर असताना असल्या गोष्टी बऱ्याचदा खपून जायच्या कारण कंडिशन तपासणारी तिथली एमव्हेल भाषा मायाळू होती, स्ट्रिंग आणि नंबर समोरासमोर आले की आपल्या मनाने बदलून तुलना करायची. ८ मधे एक्झिक्युटेबल मॉडेल डिफॉल्ट झालं, तिथं नियमांचा सरळ जावा कोड बनतो आणि जावा तुझे लाड करत नाही. म्हणून परत ७ वर जाऊ नको, तिथं तुला एरर दिसणार नाही एवढंच, चूक तिथंच राहणार.

तिसऱ्या कॉलमला पण "$पॅराम" कर आणि सांग.

---

नवखा_बार्शीकर

कोडगा दादा, __/\__ 

डीआरएल छापलं, आणि खरंच गटनं == ४५/२ असंच दिसलं, बघून हसूच आलं. अवतरणं टाकली, सगळे एरर गेले, बिल्ड हिरवा. लीडला सांगून टाकलं झालं म्हणून.

पण आनंद तासभरच टिकला. ६३ गटांचे ६३ टेस्ट अर्ज बनवून चालवले, त्यातले ५४ थांबले आणि ९ गट सरळ मंजूर!! आता एररच नाहीये कुठला, लॉगमधे पण काही नाही. १४२/२ थांबतो, ४५/२ थांबतो, १४२/२/अ पण थांबतो. न थांबणारे: ७/१२, १२/३, ११/१, ५/४०, १/५, ५/११/२ आणि असेच अजून तीन. मला काही पॅटर्न दिसेना. लहान नंबर आहेत एवढंच. हे टाइपचंच काहीतरी आहे का?

---

रेवती_एमआयएस

सातबाराच अडकला म्हणजे कमालच झाली 😂

मी प्रोग्रॅमर नाही, एमआयएस रिपोर्ट करते, पण एक्सेलचा हा त्रास मला पाठ आहे. तुमच्या साहेबांनी ७/१२ टाइप केलं की एक्सेलला ती तारीख वाटते, ७ डिसेंबर. १२/३ म्हणजे १२ मार्च. ५/११/२ म्हणजे ५ नोव्हेंबर २००२. आणि ५/४० मधे ४० तारीख किंवा महिना होऊ शकत नाही म्हणून एक्सेल त्याला महिना-वर्ष धरतं, मे १९४०! ४५/२ आणि १४२/२ वाचले कारण ४५ तारखेचा महिना अजून कोणी काढला नाही. म्हणून लहान नंबरच फसलेत, तुम्हाला पॅटर्न बरोबर दिसला होता.

तुमच्या त्या छापलेल्या मजकुरात त्या ९ ओळी बघा, गट नंबरच्या जागी तारखेसारखं काहीतरी दिसेल. तुलना स्ट्रिंग-स्ट्रिंगचीच चाललीय त्यामुळे एरर येणार नाही, फक्त जुळणार नाही.

आणि हो, आता तो कॉलम टेक्स्ट करून काहीही होणार नाही. करून बघा, ७/१२ च्या जागी ४५६३३ असला आकडा येईल. (हे ७ डिसेंबर २०२४ साठी, कुठल्या वर्षी टाइप केलं त्यावर बदलेल.) एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस असतात, टेक्स्ट केलं की तोच आकडा बाहेर येतो, तुमचा मूळ ७/१२ तर एंटर मारला तेव्हाच गेला. आधी अख्खा कॉलम टेक्स्ट करायचा, मग टाइप करायचं, किंवा आधी एक वरचं अवतरण देऊन '७/१२ असं लिहायचं. पेस्ट करताना पण फक्त व्हॅल्यू पेस्ट करायची, नाहीतर दुसरीकडचं फॉरमॅट सोबत येतं आणि परत तेच.

अजून एक, तारखेवरून उलटं करून गट नंबर काढायचा मोह होईल, तो करू नका. साहेबांच्या कॉम्प्युटरवर रीजन भारत असेल तर दिवस आधी, अमेरिका असेल तर महिना आधी, म्हणजे ७/१२ की १२/७ हे फाइल बघून नेहमी कळेलच असं नाही. मूळ अधिसूचनेवरूनच परत भरून घ्या. हे काही फक्त आपल्याकडचं नाही, माणसाच्या जनुकांच्या नावांचं पण असंच व्हायचं, मार्च-१ आणि सेप्ट-१ नावाची जनुकं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, शेवटी २०२० मधे शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली! आता गट नंबर बदलायचे म्हटलं तर तलाठी ऑफिस काही ऐकणार नाही.

---

विदाउट_तिकीट

एक्सेलच नको, सीएसव्ही वापरा, स्वल्पविरामाने कॉलम पाडलेली साधी मजकुराची फाइल. ड्रूल्सला सीएसव्ही चालतं, गिटमधे डिफ पण नीट दिसतो. प्रश्न मिटला.

---

रेवती_एमआयएस

आणि ते सीएसव्ही साहेब उघडणार कशात? डबल क्लिक केलं की एक्सेलच उघडतं, परत ७ डिसेंबर, सेव्ह केलं की फाइलमधे कायमचं. उलट सीएसव्हीत टेक्स्ट कॉलम म्हणून खूण ठेवायलाच जागा नाही, एक्सेल फाइलमधे निदान फॉरमॅट टिकतं तरी. ०९०२ सारखा चहाचा एचएसएन कोड सीएसव्हीतून उघडून सेव्ह करा, ९०२ होतो. मी जीएसटीच्या रिपोर्टमधे याच्यावर दोन रविवार घालवलेत.

नवीन एक्सेलमधे ऑप्शन्समधे आपोआप बदल बंद करायच्या काही खुणा आल्यात, सुरुवातीची शून्यं ठेवायची, ई असलेले कोड तसेच ठेवायचे वगैरे. पण तारखांसाठी जी आहे ती मार्च-१ सारख्या अक्षर-आकडा जोडलेल्यांसाठी आहे, तिरप्या रेघेचा ७/१२ त्यात वाचेल यावर मी तरी विसंबणार नाही.

---

विदाउट_तिकीट

बरं बरं 🙏 आमच्याकडे डेव्हलपरच भरतात सीएसव्ही, त्यामुळे हा विचार नव्हता केला.

---

कोडगा

रेवतीताईंना दंडवत, माझ्या हे डोक्यातच आलं नसतं.

नवख्या, माणसाने नीट भरावं या भरवशावर राहू नको, ते आठवडाभर नीट भरतील आणि मग त्यांच्या जागी दुसरा कोणी बसेल. बिल्डच्या आधी एक छोटी टेस्ट लाव. ड्रूल्स एक्सेल वाचायला आतून अपाची पीओआय ही जावाची लायब्ररीच वापरतं, तू पण तेच वापर: शीट उघड, गट नंबरच्या कॉलममधल्या प्रत्येक सेलचा सेलटाइप विचार, स्ट्रिंग नसेल तर बिल्ड पाड आणि सेलचा पत्ता छाप. तारखेसाठी डेटयुटिल मधे इज-सेल-डेट-फॉरमॅटेड म्हणून मेथड आहे, तिच्यामुळे मेसेज पण माणसासारखा देता येतो, "सी१८ मधे गट नंबरऐवजी तारीख आहे". वीस ओळींचं काम. तो मेसेज थेट साहेबांना मेल होईल असं केलंस तर तुझा फोन पण वाजणार नाही.

आणि रकमेचे कॉलम असतील तर तेही बघून घे. नंबर म्हणून भरलेल्या सेलला टक्केवारी किंवा रुपयाचं फॉरमॅट असेल तर रूलसेटच्या वरच्या भागात इग्नोर-न्यूमेरिक-फॉरमॅट म्हणून एक सेटिंग आहे, ते ट्रू केलं की तो नुसता आकडा घेतो, नाहीतर फॉरमॅटची चिन्हं मधे लुडबुडतात.

---

जुनाजाणता

चांगला धागा चाललाय. बँकिंगच्या नियमांमधे बरीच वर्षं काढलीत म्हणून दोन गोष्टी टाकतो, विचारलं नसलं तरी 😄

पहिली, रकमेतला स्वल्पविराम. आपले लोक १,५०,०००च लिहिणार, ते टेक्स्ट म्हणून सेलमधे बसलं आणि कंडिशनमधे $१ आणि $२ अशा दोन जागा असल्या (रक्कम इतक्यापासून इतक्यापर्यंत, अशी कंडिशन सगळेच लिहितात) तर ड्रूल्स सेलचे तुकडे स्वल्पविरामावरच पाडतं. म्हणजे $१ झाला १ आणि $२ झाला ५०, किमान कर्ज एक रुपया आणि कमाल पन्नास. हे बरोब्बर कंपाइल होतं! आणि एकच पॅराम असेल तर तो स्वल्पविराम डीआरएलमधे "आणि" होतो, मग कंडिशनचा शेपूट ५० आणि ००० म्हणून लोंबकळतो आणि असा एरर येतो की वाचणाऱ्याला चक्कर यावी. आम्ही शेवटी नियमच केला, रकमेचा सेल नंबरच हवा, स्वल्पविराम दाखवायचा तर फॉरमॅटने दाखवा, टाइप करू नका.

दुसरी, आणि ही खास आपली. गाव आणि तालुका नावाने जुळवताय. कऱ्हाड घ्या. हे दोन प्रकारे टाइप होतं, एकात ऱ हे वेगळंच अक्षर आहे आणि त्याला हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर "ऱ्ह" आणि "र्‍ह" सारखेच दिसतात, फॉन्ट चांगला असेल तर भिंग लावूनही फरक कळणार नाही, पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द आहेत आणि युनिकोड नॉर्मलायझेशन केलं तरी एक होत नाहीत, ते जोडचिन्ह तसंच राहतं. एकाने एका कीबोर्डवर भरलं, दुसऱ्याने दुसऱ्या, झालं. वरून काहीजण कराड लिहितात. शेतकऱ्याच्या "ऱ्या" चं पण तेच.

पीडीएफ किंवा वेबसाइटवरून नावं कॉपी केली असतील तर शेवटी एक न तुटणारी स्पेस चिकटून येते, जावाचा ट्रिम तिला हात लावत नाही, त्याला फक्त साधी स्पेस आणि तिच्या खालचे कंट्रोल कॅरेक्टरच कळतात. माझं म्हणणं, नावाचा कॉलम माणसांसाठी ठेवा आणि नियम गावाच्या सरकारी कोडवर चालवा. कोड पण टेक्स्ट म्हणून, हे आता सांगायला नको.

जाता जाता एक गंमत: जावात "१२" असं देवनागरीत लिहिलेलं इंटिजर-पार्स ला दिलं तर ते निमूट बारा देतं, बिगडेसिमल (अचूक दशांशाचा टाइप) पण घेतं, पण डबल-पार्स ला दिलं तर नंबर फॉरमॅट एक्सेप्शन. एकाच भाषेत दोन न्याय. सातबाऱ्यावरून जसंच्या तसं टाइप करणारे क्लार्क असतील तर हे भेटणार तुम्हाला.

---

सोलापुरी_चादर

धागा हायजॅक करतोय, सॉरी, पण टाइपवरच चाललंय तर माझं पण सांगा. आमच्याकडे नियम आहे की सिबिल स्कोअर ६०० पेक्षा कमी तर नाकारा. पहिल्यांदाच कर्ज घेणारे सगळे नाकारले जातात. टाइप इंट आहे, एरर नाही.

---

कोडगा

वेगळा धागा काढायचा होतास, पण घे. तुझ्या क्लासमधे छोटा इंट असेल तर व्हॅल्यू आली नाही की तो ० असतो, मोठा इंटिजर असेल तर नल, म्हणजे रिकामा. शून्य हा ६०० पेक्षा कमीच. आणि स्कोअर ३०० ते ९०० मधेच असतो, कर्जाचा इतिहासच नसेल तर -१ येतो, तो पण ६०० पेक्षा कमीच! म्हणजे इंजिन बरोबर करतंय, तू त्याला "माहीत नाही" हे सांगायला शब्दच दिलेला नाहीस. इंटिजर कर, -१ ला नल कर, आणि नलसाठी वेगळा नियम लिही. काय करायचं ते बँक ठरवेल, तू ठरवू नको.

---

नवखा_बार्शीकर

सगळ्यांचे आभार, खरंच. रेवतीताईंनी सांगितलेलं शंभर टक्के निघालं. डीआरएलमधे त्या ९ ओळींत तारखाच बसल्या होत्या, टेक्स्ट केलं तर बहुतेक ठिकाणी ४५ हजाराचे आकडे आले. साहेबांकडून अधिसूचनेची प्रत मागवली आणि ते ९ परत भरून घेतले. त्यात १/५ म्हणून जे होतं ते मुळात ५/१ निघालं, उलटं करून काढलं असतं तर भलत्याच माणसाचं कर्ज अडवून बसलो असतो. कोडगा दादांची टेस्ट पण लावली. कऱ्हाडचं बघितलं, आमच्या यादीत नाहीये, पण "वऱ्हाडे" आडनावाच्या खातेदारांवर शोध चालत नव्हता ते आत्ता कळलं का ते 😅

आता शेवटचं एक. धीर आला म्हणून जुनी टेबलं पण तपासायला घेतली. शेतकऱ्याच्या वर्गाचं टेबल आहे, अत्यल्पभूधारक, अल्पभूधारक आणि इतर. अर्जातलं क्षेत्र सातबाऱ्याप्रमाणे हेक्टरमधे येतं, आम्ही कोडमधे २.४७१ ने गुणून एकर करतो, आणि साहेबांच्या टेबलमधे मर्यादा एकरात आहेत, अत्यल्प २.१९ पर्यंत, अल्प ४.३८ पर्यंत. सेल नंबर आहेत, टाइप बिगडेसिमल आहे, सगळं हिरवं. पण १ हेक्टर ९० आर वाला शेतकरी "इतर" मधे जातोय. दोन हेक्टरपर्यंत अल्पभूधारक ना? मी आधी डबल वगैरेचा दशांशाचा घोळ असेल म्हणून सगळीकडे शोधलं, राउंडिंग बदलून बघितलं. १.९० चे ४.६९ एकर होतात, ४.३८ पेक्षा जास्त, म्हणजे गणित बरोबर आणि उत्तर चूक. हे काय आहे?

---

तलाठ्याचा_पोरगा

हे आमच्या घरातलं आहे, मी सांगतो.

तो दशांश नाहीच. ४.३८ म्हणजे चार एकर अडतीस गुंठे. टिंबाच्या पुढे गुंठे आहेत आणि एकराला गुंठे ४० असतात, १०० नाही. ३८ भागिले ४० म्हणजे ०.९५, म्हणजे खरी मर्यादा ४.९५ एकर, ती जवळजवळ दोन हेक्टर. तसंच २.१९ म्हणजे दोन एकर एकोणीस गुंठे, २.४७५ एकर, जवळजवळ एक हेक्टर. साहेबांचं अजिबात चुकलेलं नाही, आमच्याकडे आजोबांपासून असंच लिहितात. तुमचं इंजिन त्याला चार पूर्णांक अडतीस शतांश वाचतंय, म्हणजे १.७७ हेक्टर. १.७७ ते २.०० मधला प्रत्येकजण तुमच्याकडे मोठा शेतकरी झालाय, आणि ०.८९ ते १.०० मधला प्रत्येक अत्यल्पवाला अल्प झालाय.

हेक्टर-आरला हा त्रास होत नाही कारण हेक्टरचे आर शंभर, १ हेक्टर ९० आर म्हणजे १.९० च. म्हणून लोकांना वाटतं की एकरालाही तसंच असेल.

आणि नंबर टाइपमुळे अजून एक वाट लागते. दोन एकर वीस गुंठे म्हणून २.२० लिहिलं की एक्सेल ते २.२ करतं. आता वाचणाऱ्याने काय समजायचं, दोन एकर दोन गुंठे की वीस? दोघांच्या मधे १८ गुंठे जमीन आहे, आमच्या गावात तेवढ्यावरून तीन पिढ्या कोर्टात जातात.

एकर आणि गुंठे दोन वेगळे कॉलम करा, किंवा सरळ मर्यादा हेक्टरमधे लिहून घ्या, १.०० आणि २.००, मग तो २.४७१ चा गुणाकारच काढून टाकता येईल. आतमधे चौरस मीटर ठेवले तर उत्तम, कारण जुन्या कागदांवर गुंठ्याच्या खाली आणे पण येतात, सोळा आण्यांचा एक गुंठा, ते दोन दशांश स्थळांत बसत नाहीत.

---

जुनाजाणता

वा! या उत्तरासाठी धागा वाचल्याचं सार्थक झालं. इतकी वर्षं काढून मला हे सुचलं नसतं, मीसुद्धा राउंडिंगच शोधत बसलो असतो.

---

कोडगा

टाइप बरोबर, एरर नाही, टेस्ट हिरव्या. कम्पॅटिबल टाइप्सची ओरड करणारा कंपायलर किती प्रेमळ होता ते आता कळतंय. नवख्या, कॉलमच्या नावातच एकक घाल, "मर्यादा_हेक्टर" असं, नुसतं "मर्यादा" नको.

---

नवखा_बार्शीकर

साहेबांना फोन केला. म्हणाले, "अहो चार अडतीस म्हणजे चार एकर अडतीस गुंठेच की, त्यात विचारायचं काय?" मी म्हटलं कॉम्प्युटरला ते माहीत नाही. मग दोन सेकंद शांतता आणि, "म्हणजे तीन वर्षं..."

टेबल हेक्टरमधे करून मागितलंय, ते आजच पाठवतो म्हणालेत, कॉलमचं नाव पण बदललं. आता बसून जुन्या अर्जांवर क्वेरी चालवतोय, ०.८९ ते १.०० आणि १.७७ ते २.०० मधले सगळे, त्यातल्या कोणाचा वर्ग चुकला आणि कोणाचं व्याज त्यामुळे जास्त लागलं ते काढायला. यादी पहिल्यांदा साहेबांना आणि लीडला दाखवतो, दोघांनी उद्या सकाळी बोलावलंय.

तलाठ्याच्या पोरा, बार्शीला आलास तर चहा माझ्याकडून. रेवतीताई, तुम्हाला पण.